थॉर्नली साहेबांचा शेवटचा हुकूम

"आजी, तुम्ही टायपिस्ट होता ना? मग त्या दिवसांवर काहीतरी लिहून द्या की," असं आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, तेव्हा त्यांच्या पुढ्यात ठेवत होते ती चकलीची बशी मी जरा मागे घेतली.

"टायपिस्ट नव्हे. स्टेनोग्राफर," मी म्हटलं.

बिचारे पुण्याहून येऊन इथे बेंगळूरुत जे. पी. नगरात राहिलेले, वयाने माझ्या नातवाएवढे. त्यांना हा फरक कोण सांगणार? म्हणून इथे सांगते. टायपिस्टच्या समोर कागद असतो. स्टेनोच्या समोर माणूस असतो. तो बोलतो त्या वेगाने आपण वहीत बारीक रेघोट्या ओढायच्या, ठिपके द्यायचे, आणि नंतर त्या रेघोट्या वाचून टाइप करायचं. परक्याला ते कावळ्याचे पाय वाटतात. कागद आपला गप्प पडून राहतो. माणूस मात्र खोकतो, चिडतो, वाक्य अर्धं टाकून खिडकीबाहेर बघत बसतो. आणि कधीकधी त्याच्या तोंडून असं काही निघून जातं की ऐकणाऱ्याने पुढे त्याचं करायचं काय, हे कुठल्याच इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत नाहीत.

आमच्या शॉर्टहँड इन्स्टिट्यूटचे मास्तर कडक. पांढरं धोतर, काळा कोट, हातात पट्टी. ते दोन गोष्टी घोकून घ्यायचे. पहिली, कानातून आलेलं बोटांतून जाऊ दे, तोंडातून नको. दुसरी, डिक्टेशन संपलं की वाचून दाखवल्याशिवाय जागचं उठायचं नाही. माणसाला आपण काय बोललो ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकू दे, मग त्याला हवं ते खोडू दे. पहिला नियम मी मरेपर्यंत पाळणार आहे म्हणत होते, तोच आज मोडते आहे. पण आता त्यातलं कुणीच उरलेलं नाही, तेव्हा सरी, चालायचंच.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, पुढे लागेल. दोन प्रती हव्या असल्या की दोन कागदांच्या मधे कार्बन घालायचा, त्याची शाईची बाजू खाली. नवशिके घाईत तो उलटा घालतात. मग खालचा कागद कोरा राहतो आणि सगळी अक्षरं वरच्याच कागदाच्या पाठीवर उलटी उमटतात, आरशात दिसावीत तशी. असं झालं की मास्तर अख्ख्या वर्गासमोर विचारायचे, "आज आरसा काढलात काय?" आणि त्या दिवशी त्या माणसाने वर्ग झाडायचा. मी तिथे दोन वर्षं शिकले, झाडूला हात लावला नाही. मला याचा फार ताठा होता. अजून आहे.

आम्ही इथली जुनी मराठी माणसं. पूर्वज कधीतरी फौजेबरोबर आले आणि परत जायचं विसरले. घरात मराठी, पण त्यात स्वल्प कानडी पडल्याशिवाय आमचं वाक्य शिजत नाही. मोठा भाऊ तो अण्णा, आणि मी सगळ्या बळेपेठेची रुक्कूअक्का. वडील लवकर गेले, घर अण्णाच्या पगारावर, म्हणून मी शिकले आणि कंटोन्मेंटात एका जॉब टायपिंगच्या दुकानात लागले. साल सांगत बसत नाही, पन्नासच्या पुढची ती वर्षं. दुकान कसलं, खोपटंच. दोन मशिनं, एक पंखा, आणि दारात रांग.

गिऱ्हाइकं एकेक नमुने! एक रिटायर्ड इन्स्पेक्टर दर महिन्याला शेजाऱ्याच्या कोंबड्याविरुद्ध अर्ज लिहून घ्यायचे. कोंबडा आरवतो याला त्यांची हरकत नव्हती, दुपारी तीनला आरवतो याला होती. "लिही, सदरहू कोंबड्यास वेळेचे भान नाही." मी गंभीर चेहऱ्याने लिहायची. दुसरे एक नवे नवरदेव. माहेरी गेलेल्या बायकोला इंग्रजीतून प्रेमपत्रं. पेढीतल्या साहेबांना शोभेल असं इंग्रजी. आता गंमत अशी की बायकोचं माहेर आमच्याच गल्लीत, आणि तिला इंग्रजी येत नव्हतं. पत्र आलं की तिची आई ते घेऊन माझ्याकडेच यायची, "रुक्कू, स्वल्प वाचून दाखव ग." दुपारी मीच टाइप केलेलं पत्र दोन दिवसांनी मीच पहिल्यांदा बघितल्यासारखं वाचायची. ती मुलगी लाजून लाल, तिची आई डोळ्याला पदर लावून, आणि मी दगडासारखी. कानातून बोटांत, तोंडातून नको! त्या दोघांना पुढे चार मुलं झाली. त्यात माझाही थोडा हात आहे असं मी समजते.

तर अशात एक दिवस पेपरात जाहिरात आली. शहराबाहेर होसकोट्याच्या वाटेवर राहणाऱ्या एका निवृत्त इंग्रज अधिकाऱ्याला पुस्तक लिहायचं आहे, आठवड्यातून तीन दिवस स्टेनोग्राफर पाहिजे.

अण्णा म्हणाला, "गोऱ्याच्या बंगल्यात? एकटी? डोकं फिरलंय काय तुझं?"

"मग तू चल," मी म्हटलं.

आणि तो खरंच आला. रजा काढून, छत्री घेऊन. दिवसभर व्हरांड्यात राखण करत बसला, म्हणजे झोपला. चार वाजता तिथल्या खानसाम्याने त्याच्यापुढे केक ठेवला. अण्णाने तीन तुकडे खाल्ले आणि विचारलं, "इतका मऊ होतो कशाने हो हा?" खानसामा माझ्याकडे बघून म्हणाला, "हवा से, बाबूजी." केकात अंडं असतं हे मी अण्णाला वीस वर्षांनी सांगितलं. तोवर त्याची मुलं बेकरीतून आणून खात होती, त्यामुळे प्रायश्चित्त टळलं.

तो खानसामा म्हणजे नूर खान. सहा फूट उंच, मेंदी लावलेली दाढी, पठाण. आणि साहेब म्हणजे थॉर्नली साहेब. सत्तरीचे, एका कानाने ठार बहिरे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत चाललेला, कोपरांना ठिगळं लावलेलं स्वेटर. बायको कंटोन्मेंटच्या दफनभूमीत, म्हणून हे विलायतेला परत गेले नाहीत. मागे द्राक्षांचा मळा, पुढे फुलांचे वाफे, आणि मुनियप्पा नावाचा माळी, ज्याच्याशी ते रोज सकाळी मोडक्या कानडीत पाण्यावरून भांडायचे. भांडणात नेहमी मुनियप्पा जिंकायचा. मला ते मिस राव म्हणत आणि मी आत आले की खुर्चीतून उठून उभे राहत. आमच्या घरात मी आले म्हणून कुणी उभं राहिलेलं मला आठवत नाही.

साहेबांची सगळी नोकरी सरहद्दीवर गेलेली, पेशावरच्याही पुढे, डोंगरात. तिथे ते पोलिटिकल एजंट होते. मलाही आधी कळेना ही काय भानगड. तर अर्थ असा की त्या डोंगरात इंग्रजांचा कायदा चालत नव्हता, कोर्ट नाही, वकील नाही. टोळ्यांना गोडीगुलाबीने नाहीतर धाकाने गप्प ठेवायचं, एवढंच या माणसाचं काम. तंटा झाला की गावातल्या पांढऱ्या दाढ्यांची सभा बसायची, तिला जिरगा म्हणतात. गोल करून जमिनीवर बसायचं, आणि प्रत्येकाचं बोलून होईपर्यंत, दोन दिवस लागोत की दहा, एजंटाने तिथे मांडी मोडून बसायचं. शेवटी हुकूम एजंटाचा. तो कागदावर लिहायचा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा.

साहेब सांगायचे मजेत. कुणी एक खान, त्याने एका सोमवारी साहेबांच्या टोपीतून गोळी आरपार घालवली आणि मंगळवारी सहकुटुंब चहाला आला. म्हणाला, कालचं मनावर घेऊ नका, काल मी शत्रू होतो, आज पाहुणा आहे. कोण कुणाचा चुलत भाऊ, कुणाचं कुणाशी तीन पिढ्यांचं वैर, हे साहेबांना तोंडपाठ. मला वाटायचं, ही तर आमच्या बळेपेठेतली भाऊबंदकी, नुसत्या बंदुका जास्त.

पण सगळंच मजेचं नव्हतं. ऐकेनाशी झालेली गावं जाळायचे, घरांचे बुरूज सुरुंगाने उडवायचे. त्याला साहेब 'उपाय' म्हणत. मी वहीत 'उपाय' लिहायची. मनात दुसराच शब्द यायचा, पण तो डिक्टेशनमध्ये नव्हता.

परतताना मला बसच्या थांब्यापर्यंत पोहोचवायला नूर खान यायचा. मैलभर रस्ता, वाटेत कुत्री. तो काठी घेऊन दोन पावलं पुढे. मी त्याला खानचाचा म्हणू लागले होते. एकदा मी सहज विचारलं, "चाचा, देशाकडे कोण कोण आहे?"

त्याने आधी एका कुत्र्याला काठी दाखवली. मग म्हणाला, "एक पुतण्या आहे. भाऊ होता. त्याचं नाव मी घेत नाही."

हळूहळू त्याने सांगितलं. थोरला भाऊ सरकारी चौकीवर पहारेकरी होता. एका रात्री लुटारू आले, आणि फाटक आतून उघडलेलं सापडलं. दोन शिपाई मेले. भावानेच फाटक विकलं, असा निकाल झाला. त्याला हद्दपार केलं, घराचा बुरूज पाडला. "गावाच्या वेशीवर त्याने मला मिठी मारायला हात पसरले, बेटी. मी पाठ फिरवली. सगळं गाव बघत होतं. तो वर्षभरात तापाने मेला, सिंधेत कुठेतरी." चाचा काठीने एक दगड बाजूला सारून चालत राहिला. "साहेबांनी शिक्का मारून हुकूम दिला होता. साहेब खोटं बोलत नाहीत."

त्या लाजेपायी त्याने गाव सोडलं. दोन-अडीच वर्षांनी साहेबांनीच त्याला शोधून चाकरीला ठेवलं, आणि तेव्हापासून तो सावलीसारखा त्यांच्यामागे हिंडला, थेट आमच्या बेंगळूरुपर्यंत. साहेबांचे उपकार तो मोजता मोजत नसे.

हे ऐकून महिना झाला असेल. एका गुरुवारी साहेबांनी नवं प्रकरण सुरू केलं. आवाज नेहमीसारखा नव्हता. चौकी, पहारेकरी, उघडं फाटक. पहारेकऱ्याचं नाव झरीन. माझी पेन्सिल चालत राहिली. साहेब सांगत होते: जिरग्यातले म्हातारे म्हणाले, आम्हाला खात्री नाही, आठ दिवस द्या, पलीकडच्या खोऱ्यात माणूस पाठवून चौकशी करतो. 'मी रजेवर मायदेशी निघालो होतो. आठ दिवस थांबलो असतो तर जहाज चुकलं असतं. मी सही केली.'

पुढे दोन वर्षांनी दुसरा एक पहारेकरी मरताना कबूल करून गेला, फाटक मी उघडलं होतं. तोवर झरीन सिंधेत मेलेला. साहेबांनी वर लिहिलं. वरून उत्तर आलं, मेलेल्या माणसासाठी सरकारची चूक कबूल करायची गरज नाही, प्रकरण मिटलेलं आहे.

'झरीनला एक धाकटा भाऊ होता. त्याला मी नोकरीत घेतलं. याहून जास्त करायचं धैर्य मला झालं नाही. तो आत्ता माझा चहा घेऊन येतो आहे.'

मी वर बघितलं. खानचाचा ट्रे घेऊन दारात उभा होता. त्याला इंग्रजी 'टी', 'डॉग' आणि 'डॅम' यापलीकडे येत नव्हतं. त्याने माझ्या कपात नेहमीप्रमाणे दोन चमचे साखर घातली, कारण मी बारीक आहे असं त्याचं मत होतं. मी कप बाजूला सारला.

तो गेल्यावर साहेब म्हणाले, "मिस राव, हे सगळं प्रकरण खोडून टाका. आज वाचूनही दाखवू नका."

घरी आले, ताटावर बसले आणि तशीच उठले. अण्णाने विचारलं, "काय ग, तो गोरा काही बोलला काय?" मी म्हटलं, "माझं डोकं दुखतंय." खोटं नव्हतं. त्या म्हाताऱ्या पठाणाने आपल्या निर्दोष भावाकडे पाठ फिरवली आणि ज्याने ते करायला लावलं त्याचे बूट तीस वर्षं पुसले, हे सगळ्या जगात दोघांनाच ठाऊक, एक तो साहेब आणि दुसरी मी. संताप आला होता मला. साहेबाचा, आणि माझ्या त्या पहिल्या नियमाचा.

शनिवारी गेले ती वही घेऊनच उभी राहिले. बसले नाही. "साहेब, चाचाला हे सांगायला हवं."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "सांगून त्याला काय मिळेल? भाऊ निर्दोष होता हे कळेल, आणि आपण त्याच्याकडे पाठ फिरवली हेही. वर त्याचा साहेबही जाईल. या वयात त्याच्याजवळ दुसरं आहे काय?"

 खरं सांगते, यात त्यांचं चुकत होतं असं मी आजही छातीठोक म्हणणार नाही. पण मी चिडले की मला नियम आठवतात. "बरं," मी म्हटलं, "खोडते. पण वाचून दाखवल्याशिवाय मी एक ओळ खोडत नाही. तशी मला शिकवण नाही."

साहेबांनी डोळे मिटले आणि मान हलवली. ते बहिरे, त्यामुळे वाचायचं ते खणखणीत आवाजात. मी वाचत गेले. जहाजाच्या वाक्यापाशी त्यांनी हात वर केला.

"परत."

"आठ दिवस थांबलो असतो तर जहाज चुकलं असतं."

"परत वाचा."

मी तिसऱ्यांदा वाचलं. मग त्यांनी खुर्चीचे हात धरून स्वतःला उभं केलं आणि हाक मारली, "नूर!"

पुढचं सगळं पश्तूत झालं. मला एक अक्षर कळलं नाही. साहेब उभ्यानेच बोलत होते. चाचाच्या हातात पितळी पॉलिशचं फडकं होतं, ते तो घड्या घालत होता, घड्या उलगडत होता. साहेबांचं संपल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला. साहेबांनी मान खाली घातली. चाचा फडकं टेबलावर ठेवून आत गेला, आणि त्या दिवशी बसच्या थांब्यापर्यंत मी कुत्र्यांना दगड मारत एकटी गेले.

पुढचे पंधरा दिवस त्या घरात सुतक होतं. काम सगळं व्हायचं. चहा वेळेवर, बूट चकचकीत. पण चाचा कुणाशी चकार शब्द बोलेना. साहेबांनी डिक्टेशन बंद केलं. मी जाऊन जुनी पानं साफ टाइप करत बसायची आणि स्वतःला शिव्या द्यायची. रुक्कूबाई, लावलीत ना कळ? झालं ना समाधान? मुनियप्पासुद्धा म्हणाला, "अक्का, घरात कुणी मेलं काय?" कारण साहेब पाण्यावरून भांडायला बाहेर येईनासे झाले होते.

मग एका संध्याकाळी चाचा काठी घेऊन फाटकाशी उभा. नेहमीसारखा दोन पावलं पुढे चालला. बस दिसायला लागल्यावर बोलला.

"साहेबांनी तोंडाने सांगितलं. पण हुकूम कागज़ पे हुआ था, बेटी. जिरग्यात वाचला गेला होता. कागदावरचा हुकूम तोंडाने उठत नाही." काठी टेकून म्हणाला, "मी पाठ फिरवली, ते माझ्यात आणि खुदात. पण माझ्या भावाचं नाव साहेबांनी घेतलं होतं. ते साहेबांनी परत द्यावं. पुतण्याला तिथे अजून गद्दाराचा पोर म्हणतात."

मी ती बस सोडली आणि उलट्या पावली बंगल्यावर गेले.

साहेब ऐकून कसनुसं हसले. "मिस राव, मी आज कोण आहे? ते राज्य गेलं. तो मुलूख आता दुसऱ्या देशात आहे. माझ्या हुकमाने मुनियप्पा एक बादली पाणी घालत नाही."

"हुकूम काढताना तुम्हीच होतात ना?" मी म्हटलं. "मग तो मागे घ्यायला दुसरं कोण येणार आहे?"

एवढं फाडकन बोलायचं नव्हतं मला. पण बोलून गेले.  साहेबांनी पाठ ताठ केली आणि म्हणाले, "वही काढा."

तसं डिक्टेशन त्यांनी मला कधी दिलं नव्हतं. एक खोकला नाही, एक अडखळणं नाही. मी अमुक, त्या वेळचा एजंट, झरीन याच्याविरुद्ध दिलेला हुकूम रद्द करतो. तो निर्दोष होता. दोष माझ्या घाईचा होता. त्याचं नाव, त्याच्या घराचा मान आणि जिरग्यातली त्याच्या वंशाची जागा त्यांना परत असो. एवढंच. एक पानसुद्धा भरलं नाही.

मी मशीनवर बसले. मूळ कागद गावाला पाठवायचा, खालची नक्कल चाचाला. पुढची बस गाठायची घाई होती, पण चूक एक नाही. एका दमात टाइप केलं आणि कागद तसेच टेबलावर ठेवून निघाले.

रविवारी सकाळी जिरगा भरला. चाचाचा आग्रह होता की वाचन लोकांसमोरच झालं पाहिजे, निदान पाच पांढऱ्या दाढ्या हव्यात. होसकोट्याकडे आता पांढऱ्या दाढ्या कुठून आणायच्या? चाचाच्या ओळखीचे एक मौलवी आले, शेजारचे निवृत्त रेल्वे गार्ड आले, त्यांना निदान मिशा होत्या. मुनियप्पाने तीन दिवस दाढी केली नव्हती, ती धरली. रविवारी ही कुठे जाते याच्या तपासाला मागोमाग आलेला माझा अण्णा चौथा. त्याला काय चाललंय याचा पत्ता नव्हता, पण त्याने पगडी घातली होती. एक कमी पडत होता. चाचाने माझ्याकडे बघितलं आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसला.

"बेटी, आज तू भी दाढ़ी है. बैठ."

आंब्याखाली सतरंजी घालून गोल करून बसलो. साहेबही खाली बसले, गुडघे कुरकुरले त्यांचे. आपल्याला आता दिसत नाही हे ते कुणाला कळू देत नसत. कागद समोर धरून त्यांनी सगळा हुकूम पाठ म्हटला, आधी इंग्रजीत, मग पश्तूत. आवाज असा लावला होता की वाटेने जाणारी एक बैलगाडी थांबली. पश्तूत 'झरीन' हे नाव तीनदा आलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा चाचाने हलकेच तेच नाव उच्चारलं. भावाचं नाव त्याच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं. मग साहेबांनी मी बोट ठेवलं तिथे सही केली आणि कागद दोन्ही हातांनी त्याला दिला.

चाचाने तो घेतला, डोळ्यांना लावला, उजेडात धरला, उलटा केला, आणि तसाच बघत राहिला.

मी पुढे वाकून बघितलं. कागदाच्या पाठीवर जांभळी अक्षरं होती. उलटी. मी धावत जाऊन टेबलावरची नक्कल बघितली. कोरी! पांढरी फटक!

अय्यो देवा, मी आरसा काढला होता! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तोही आज, या कागदावर. मला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. मी रडतच म्हटलं, "चाचा, द्या तो इकडे. पाच मिनिटांत दुसरा काढते. साहेब, परत सही करा. माझी चूक झाली हो."

चाचाने कागद छातीशी धरला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण लहानपणी मशिदीत बसला होता, अक्षरं कुठल्या बाजूने चालतात ते त्याला माहीत होतं. त्याने आधी सरळ बाजू दाखवली. "ये साहब की तरफ़ से. इधर से उधर." मग कागद फिरवला आणि त्या जांभळ्या ओळींवरून उजवीकडून डावीकडे बोट नेलं. "और ये हमारी तरफ़ से. आमची लिपी अशी चालते. दोन्हीकडून लिहिलं गेलं तेव्हा कुठे हुकूम पुरा झाला." आणि मला म्हणाला, "कौन कहता है ग़लती है?"

साहेबांनी तोंड फिरवलं आणि मुनियप्पावर ओरडले की वाफ्यांना पाणी कोण घालणार. मुनियप्पा म्हणाला, जिरगा उठल्यावर घालीन.

चाचाने दुसरा कागद काही मला काढू दिला नाही. तोच एक कागद रजिस्टर पोस्टाने पुतण्याला गेला. उत्तर यायला चार महिने लागले. तोवर थांब्यापर्यंतची सोबत पुन्हा सुरू झाली होती आणि माझ्या चहात तीन चमचे साखर पडू लागली होती. साहेबांची पानंही पुढे सरकत होती. ते झरीनचं प्रकरण त्यांनी ठेवलं, आणि 'उपाय' हा शब्द आला की आता ते थांबत, विचार करत, आणि म्हणत, "नाही मिस राव, सरळ लिहा. जाळलं." पुस्तक पुढे छापलं गेलं नाही. विलायतेहून दोनदा परत आलं. साहेबांना त्याचं फारसं दुःख झालेलं दिसलं नाही.

पुतण्याचं पत्र उर्दूत होतं, ते मौलवींनी वाचून दाखवलं. बरोबर एका पुरचुंडीत अक्रोड. लिहिलं होतं की शुक्रवारच्या नमाजानंतर कागद सगळ्या गावासमोर काढला. पेशावरला शिकलेल्या एका माणसाने त्याचा अर्थ सांगितला. ज्या म्हाताऱ्यांनी आठ दिवस मागितले होते त्यातला एक, नव्वदी उलटलेला, अजून जिवंत होता, तो उठून उभा राहिला आणि त्याने पुतण्याला मिठी मारली. आता तो कागद काचेच्या चौकटीत घालून गावच्या बैठकीच्या खोलीत लावला आहे. दर्शनी बाजू कुठली ठेवायची यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी सगळ्यांना जी आपली वाटली ती ठेवली.

मौलवी थांबले. मला कळेपर्यंत क्षणभर गेला. जांभळी बाजू! माझा आरसा!

चाचा पदरात घ्यावेत तसे अक्रोड सदऱ्याच्या घोळात धरून हसत होता आणि डोळे पुसत होता. साहेबांना नीट ऐकू आलं नव्हतं. ते म्हणाले, "मिस राव, वाचून दाखवा." मी त्यांच्या बऱ्या कानाशी वाकून शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. त्यांनी डोळे मिटले.

"परत," ते म्हणाले.

मी परत सांगितलं.

तीस वर्षं मी कंपन्यांची, कचेऱ्यांची, कोंबड्यांची हजारो पानं टाइप केली, एकेक अक्षर बिनचूक. त्यातलं एकही कुणी जपून ठेवलं असेल असं मला वाटत नाही. चुकलेलं पान एकच, आणि तेवढं दूर तिकडे एका भिंतीवर काचेत बसलं आहे.